वेबसाइटचा वेग आणि शिळा भाव

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी बेडसे लेण्यांकडे आणि पवनेच्या काठी किती माणूस लोटते, हे कामशेत-लोणावळ्याच्या व्यापारी बंधूंना सांगायला नको. हे गिऱ्हाईक आता आदल्या रात्री मोबाईलवरच येते. तंबूचे भाडे, गाडीचा दर, चिक्कीचा भाव आधी वेबसाइटवर पाहते. ती उघडायला वेळ लागला की शेजारच्याकडे जाते.

यावरचा उपाय ‘कॅशे’. (रोकड नव्हे, ती मागाहून येते!) वर्डप्रेसवरची वेबसाइट एरवी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पान नव्याने तयार करते, म्हणजे चिक्की मागितल्यावर गुळाचा पाक चढवायचा. कॅशे म्हणजे तयार पाकिटे. ती प्लगिन लावून दुकानातच ठेवता येतात, किंवा व्हार्निशसारखे स्वतंत्र साधन घेऊन दारापुढच्या टपरीवर. टपरीवर घेतले तर गिऱ्हाइकाला आत यावेच लागत नाही.

वेगात टपरी सरस, यात वाद नाही. पण व्हार्निश २००६ साली नॉर्वेच्या ‘व्हीजी’ या मोठ्या वृत्तपत्रासाठी तयार झाले. त्याला स्वतःचा सर्व्हर आणि जाणकार माणूस लागतो. स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर ते आपल्याला बसवता येत नाही. शिवाय मूळ मांडणीत ते कुकी असलेली मागणी सरळ मागच्या सर्व्हरकडे पाठवते. मांडणी नीट केली नाही तर पैसे गेले, वेग तोच.

आमचा खरा आक्षेप भावाचा आहे. प्लगिन वर्डप्रेसच्या पोटातच असते. पानावरचा भाव बदलला की जुनी प्रत सहसा ते स्वतःच काढून टाकते. टपरीवाल्याला मात्र कुणीतरी कळवावे लागते. कळवले नाही आणि मुदत २४ तासांची ठेवली असेल, तर दिवसभर जुनाच दर झळकतो. तंबूपाशी आलेल्या कुटुंबाला आपण वेगळा दर सांगितला, तर ते कॅशेला नव्हे, आपल्याला खोटे म्हणेल.

म्हणून आमचे मत असे की, लहान दुकानदाराने आणि कारागिराने प्लगिनच घ्यावे, आणि एकच घ्यावे. ‘डब्ल्यूपी सुपर कॅश’ विनामूल्य मिळते. खरेदीची टोपली व पैसे भरण्याचे पान कॅशेतून वगळलेले आहे ना, हे जातीने पाहावे. नाहीतर एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसायचा. होस्टिंगवाल्यानेच पुढे व्हार्निश लावले असेल, तर ते रिकामे कसे करायचे हे त्याच्याकडून लिहून घ्यावे, आणि भाव बदलल्यावर दुसऱ्याच्या मोबाईलवर एकदा पान उघडून पाहावे.