जाहिरातीला आपले दुखणे कळते का?

गुडघेदुखीविषयी मोबाइलवर एकदा शोध घेतला, की तेलांच्या आणि गोळ्यांच्या जाहिराती आपली पाठ सोडत नाहीत. ‘हे नेमके माझ्यासाठीच’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जाहिरातीला ठाऊक असतो तो आपला शोध. आपली मूत्रपिंडे वा चालू औषधे नव्हेत. शोध सासूबाईंसाठी सुनेने घेतला, तर गोळी सुनेला सुचवली जाते! मधुमेह, मोतीबिंदू, उच्च रक्तदाब बरा करण्याचा दावा करणारी औषधांची जाहिरात १९५४च्या कायद्याने निषिद्ध आहे, हे ध्यानी ठेवावे. गूगल खात्यातील ‘माय अ‍ॅड सेंटर’मध्ये व्यक्तिगत जाहिराती बंद करता येतात. आणि काहीही मागवण्यापूर्वी, चालू औषधांची यादी दाखवून आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.