मेटलवाल्या पोरांनो, गोवळकोंड्यावर लिहा

हैदराबादच्या काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या मराठी घरात हेवी मेटल वाजू लागलं की आधी आवाजाची तक्रार होते, मग 'हे काय किंचाळणं' म्हणून दुसरी. आवाज कमी करायला जरूर सांगा. पण पोरगा काय ऐकतोय हेही एकदा विचारा. कदाचित तो इतिहास ऐकत असेल. स्वीडनच्या सबाटन बँडने 2012 साली 'कॅरोलस रेक्स' हा अख्खा अल्बम आपल्या देशाच्या जुन्या साम्राज्यावर केला, स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, आणि इतिहासलेखक बेंग्ट लिल्येग्रेन यांना सोबत घेऊन. 2019 च्या 'द ग्रेट वॉर'मध्ये विषय होता पहिलं महायुद्ध. त्याच्या एका आवृत्तीत प्रत्येक गाण्याआधी त्यामागची हकीकत सांगितली आहे. शाहीर पोवाडा थांबवून मध्येच गद्यात सांगतो, तसंच हे.

हैदराबादला मेटल नवं नाही. इथल्या गॉडलेस या डेथ मेटल बँडचा 'स्टेट्स ऑफ केऑस' 2021 साली आला. त्याचा विषय इतिहास नव्हता, आणि नसायला हरकतही नाही. पण ज्यांना इतिहासच गायचा आहे, त्यांना माझं सांगणं आहे: स्पार्टा आणि व्हायकिंग पुरे झाले. जरा पायाखाली बघा.

1687 चा गोवळकोंड्याचा वेढा घ्या. औरंगजेब स्वतः तळ ठोकून होता, तरी किल्ला आठ महिने पडेना. तटाखाली पेरलेले सुरुंग उलटे फुटले आणि मोगलांचीच माणसं मेली. वर पाऊस, छावणीत उपासमार. शेवटी तोफांनी नाही, फितुरीने दरवाजा उघडला. सुलतानाचा सरदार अब्दुल रझाक लारी एकटा भिडला आणि अंगभर जखमा घेऊन पडला. औरंगजेबानेच त्याच्यावर उपचार करवले. अबुल हसन तानाशाहाला नेलं दौलताबादेला, आणि तो कैदेतच गेला. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान आपल्या मराठवाड्याच्या मातीत आहे, हे शाळेत किती जणांना सांगितलं? यात एका नव्हे, चार गाण्यांचं सामान आहे.

सगळीच गाणी लढाईची नकोत. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदी शहरात घुसली आणि सुमारे 15,000 माणसं गेली. अफजलगंजच्या चिंचेवर चढलेली दीडशेएक माणसं वाचली म्हणतात. ते झाड उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात आहे, जाऊन बघा. उर्दू कवी अमजद हैदराबादींची आई, बायको, मुलगी त्या पुरात वाहून गेली. याला वेगवान डबल बेस ड्रम लावू नका. संथ, जड, डूम मेटलच्या चालीचं गाणं हवं.

आता अवघड भाग. 1948 वर, म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या भारतातल्या विलीनीकरणावर, लिहायचं असेल तर फार जपून. मेटलला विजयाची डरकाळी सहज जमते आणि इथे तिचाच धोका आहे. रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचे, अत्याचार खरे आहेत, ते मवाळ करू नका. पण भारतात विलीन व्हा असं लिहिल्याबद्दल ऑगस्ट 1948 मध्ये ज्यांचा खून झाला ते 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे मुसलमान संपादक शोएबुल्ला खान होते, आणि तो खूनही याच काचीगुड्याजवळ झाला. आणि 13 ते 17 सप्टेंबरच्या भारतीय सैन्याच्या 'पोलीस ॲक्शन'नंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज 27,000 ते 40,000 मृत्यूंचा होता आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. एकाच बाजूचं गाणार असाल, तर हा विषय सोडा. तैवानच्या थॉनिक बँडने 2011 च्या 'ताकासागो आर्मी'त जपानच्या बाजूने लढलेले आपलेच आदिवासी उभे केले. गैरसोयीचा इतिहास असा गाता येतो.

वाचायचं कुठे? अनंत भालेराव यांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' घ्या. हारून खान शेरवानींचा गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीवरचा इंग्रजी ग्रंथ घ्या. मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, तारनाक्याच्या अभिलेखागारात जा. आणि बोल छापा. घोगऱ्या गळ्यातून काय म्हटलंय ते तुमच्या मावशीलाच काय, शेजारच्या गिटारवाल्यालाही कळत नाही. प्रत्येक गाण्याखाली कोणतं पुस्तक, कोणतं पान, हे द्या. जिथे दंतकथा आहे तिथे 'असं सांगतात' लिहा. गोवळकोंड्याच्या दरबारातल्या नर्तकी तारामती-प्रेमामती यांच्या गोष्टींना हे विशेष लागू.

मोठ्या माणसांना एकच सांगणं. घरात रझाकारांचा काळ पाहिलेली आजी किंवा आजोबा असतील, तर आता ते नव्वदीच्या आसपास असणार. याच रविवारी नातवाला त्यांच्यापुढे बसवा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करायला लावा आणि स्वतः मध्ये बोलू नका. गाण्यात त्यांचं नाव वापरायचं असेल, तर त्यांना आधी विचारून घ्या.