आपल्या बोलीला पदक!

बालमित्रांनो, ‘आपली बीडकडची बोली शिनेमात कशी चालंल?’ असं वाटतं ना? चारचौघांत बोलायची लाज वाटते ना? मग ऐका तर!

१९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला, म्हणजे मराठीला!

पुढे २०१३ च्या ‘फँड्री’त जब्या झाला सोमनाथ अवघडे. करमाळा तालुक्यातल्या केम गावचा, हलगी वाजवणारा मुलगा. अभिनय कधी केलेला नव्हता. तरी गावच्याच बोलीत बोलून तो उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला.

तिकडे आयर्लंडमध्ये बहुतेक घरांत इंग्रजी बोलतात. आयरिश रोज बोलणारे थोडेच. पण २०२२ च्या तिथल्या चित्रपट-दूरदर्शन पुरस्कारांत आयरिश भाषेतला ‘अन कालीन क्यून’, म्हणजे ‘शांत मुलगी’, सर्वोत्तम चित्रपट ठरला. अन् त्यातली अवघ्या १२ वर्षांची कॅथरीन क्लिंच सर्वोत्तम अभिनेत्री!

आता सांगा, लाज कशाची? आज रात्री आजीजवळ बसा. तिच्या तोंडचे पाच शब्द वहीत उतरवून घ्या. उद्याच्या सिनेमाला तेच लागतील!