मारेकऱ्याला धर्म ठाऊक होता

२९ जानेवारी २०१७ च्या रात्री क्यूबेक शहरातल्या मशिदीत नमाज संपून लोक घरी जायच्या तयारीत होते, तेव्हा एक सत्तावीस वर्षांचा तरुण बंदूक घेऊन आत शिरला आणि त्याने सहा माणसांना ठार मारले. त्यांत लावाल विद्यापीठाचा एक प्राध्यापक होता, सरकारी खात्यात संगणकाचे काम करणारी माणसे होती, आणि एक किराणा दुकानदार होता, जो पळण्याऐवजी त्या बंदूकवाल्याच्या अंगावर धावून गेला. सतरा मुलांचे बाप त्या रात्री गेले. मारेकरी चर्चमध्ये गेला नाही, सिनेगॉगमध्ये गेला नाही, देवळात गेला नाही. तो मशीद निवडून गेला. याच मशिदीच्या दाराशी आदल्या वर्षीच्या रमजानमध्ये कुणीतरी डुकराचे मुंडके ठेवून गेले होते.

यानंतर दोन महिने उलटायच्या आत कॅनडाच्या संसदेत काय घडले, ते माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. मी मिसिसागात राहते. इथल्याच लिबरल खासदार इक्रा खालिद यांनी एम-१०३ नावाचा ठराव डिसेंबर २०१६ मध्येच मांडला होता. त्यात मागितले होते ते एवढेच: सरकारने इस्लामोफोबियाचा आणि सर्व प्रकारच्या वंशवादाचा व धार्मिक भेदभावाचा निषेध करावा, आणि संसदेच्या एका समितीने या प्रश्नाचा अभ्यास करून २४० दिवसांत अहवाल द्यावा. ठरावाला कायद्याचे बळ नव्हते. त्याने कुणाला तुरुंगात टाकता येत नव्हते की कुणाला साधा दंडही होत नव्हता.

तरीही आकाश कोसळल्यासारखा गहजब झाला. खालिदबाईंना पन्नास हजारांहून अधिक ईमेल आले. त्यांतल्या शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या त्यांनी भर सभागृहात उभे राहून वाचून दाखवल्या. मुसलमानांचा द्वेष या देशात आहे की नाही, असा ज्यांना प्रश्न होता त्यांना त्याच दिवशी उत्तर मिळायला हवे होते. मिळाले नाही, कारण त्यांना ते नकोच होते.

कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने मग आपला वेगळा ठराव आणला. डेव्हिड अँडरसन यांनी तो मांडला. त्यात मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, शीख, हिंदू अशी सगळ्यांची नावे होती, फक्त ‘इस्लामोफोबिया’ हा एक शब्द गाळला होता. ‘आम्ही सर्वांचाच निषेध करतो, मग एकाचेच नाव कशाला?’ हा त्यांचा युक्तिवाद. मला या युक्तिवादाची चीड येते, कारण तो न्यायाचा आव आणून न्याय टाळतो. मूळ ठरावात ‘सर्व प्रकारचा धार्मिक भेदभाव’ हे शब्द होतेच. कुणालाही वगळलेले नव्हते. वगळायचे होते ते याच पक्षाला, आणि ज्यांच्या घरांतले सुतक अजून ताजे होते त्यांनाच. अँडरसन यांचा ठराव पडला. २३ मार्चला मूळ ठराव २०१ विरुद्ध ९१ मतांनी मंजूर झाला.

या पक्षाला त्या शब्दाची तात्त्विक अडचण होती, असे कुणी मला सांगू नये. ऑक्टोबर २०१६ मध्ये याच सभागृहात एनडीपीचे नेते टॉम मल्केअर यांनी इस्लामोफोबियाच्या सर्व प्रकारांचा निषेध करणारा ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. पाच महिन्यांत शब्दाचा अर्थ बदलला नव्हता. मधल्या काळात सहा माणसे मारली गेली होती आणि पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक अंगावर आली होती. मते हवी होती ती संतापलेल्या सभासदांची. नेतेपदासाठी उभ्या असलेल्या खासदारांपैकी एकट्या मायकल चाँग यांनी ठरावाला पाठिंबा देण्याची हिंमत दाखवली. त्याच शर्यतीतले केली लीच आणि ख्रिस अलेक्झांडर टोरांटोत ठरावाविरुद्धच्या सभेच्या व्यासपीठावर गेले. हे दोघे तेच, ज्यांनी २०१५ च्या प्रचारात ‘रानटी सांस्कृतिक प्रथां’ची खबर पोलिसांना द्यायला खास दूरध्वनी सेवा सुरू करण्याचे आश्वासन दिले होते. शेजाऱ्याने शेजाऱ्याची चहाडी करावी, ही त्यांची राष्ट्रीय एकात्मता!

आणि ती ईश्वरनिंदेची हाकाटी! हा ठराव म्हणजे मागच्या दाराने येणारा ईश्वरनिंदेचा कायदा, उद्या इस्लामवर टीका केली की अटक होणार, असे ओरडून सांगितले गेले. ईश्वरनिंदेचा कायदा कॅनडात खरोखरच होता. फौजदारी संहितेचे २९६ वे कलम, एकोणिसाव्या शतकातले, ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी घातलेले. ते रद्द केले डिसेंबर २०१८ मध्ये, आणि तेही याच लिबरल सरकारने. ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी नंतर तोंड उघडून आपला आरोप मागे घेतला? मी तरी एकाचेही ऐकले नाही.

आता आपल्या माणसांविषयी. त्या दिवसांत आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर शरियतच्या भाकडकथा रात्रंदिवस फिरत होत्या, आणि त्या पुढे ढकलणारे शिकलेसवरलेले लोक होते. आमच्याच पील शाळा मंडळात मुसलमान मुलांच्या शुक्रवारच्या प्रार्थनेवरून वाद पेटला. एम-१०३ वरच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, २२ मार्चला, मंडळाच्या सभेत कुराणाची पाने फाडून पायदळी तुडवली गेली. त्या आंदोलनात भारतातून आलेले हिंदूही होते. ज्यांनी परक्या देशात देवळासाठी जागा मिळवताना नगरपालिकेचे उंबरे झिजवले, त्यांनी दुसऱ्याच्या प्रार्थनेविरुद्ध घोषणा द्याव्यात याची मला शरम वाटली. अजून वाटते.

काही जण हमीद दलवाईंना साक्षीला बोलावतात. दलवाईंनी केली ती टीका मग इस्लामोफोबिया ठरेल का, असे विचारतात. ज्यांनी दलवाई वाचले आहेत त्यांनी हे विचारू नये. १९६६ साली तलाकपीडित मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेणारा, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणारा हा माणूस मुल्ला-मौलवींशी भांडला तो मुसलमान बाईला माणूस म्हणून जगता यावे म्हणून. हिंदू जातीयवादालाही त्याने कधी सोडले नाही. धर्मावर टीका करायची ती त्याच्यासारखी करा, तुमच्या बाजूने मी पहिली उभी राहीन. रस्त्यात बाईच्या डोक्यावरचा हिजाब ओढणाऱ्याने दलवाईंचे नाव घेऊ नये.

लिबरलांनाही मी सोडणार नाही. ठराव करून त्यांनी टाळ्या घेतल्या. २०१९ मध्ये क्यूबेकने एकविसावे विधेयक मंजूर करून शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांना कामावर धर्मचिन्हे वापरायला बंदी घातली, तेव्हा त्यावेळचे पंतप्रधान ट्रूडो यांनी नाराजी बोलून दाखवली आणि क्यूबेकमधली मते सांभाळत बसले. डिसेंबर २०२१ मध्ये चेल्सी गावात तिसरीच्या वर्गावरून एका शिक्षिकेला हिजाबामुळे काढले गेले. निषेधाचा ठराव तिच्या कोणत्या कामी आला?

त्याआधी सहाच महिने, ६ जून २०२१ ला, ऑन्टारियोतल्या लंडन शहरात संध्याकाळी फिरायला निघालेल्या एका मुसलमान कुटुंबावर ट्रक घालण्यात आला. तीन पिढ्यांतली चार माणसे मेली. नऊ वर्षांचा मुलगा तेवढा वाचला. ज्यांनी चार वर्षांपूर्वी एम-१०३ च्या विरोधात मत दिले होते, ते एरिन ओ’टूल आता कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते म्हणून शोकसभेला आले होते.

३ नोव्हेंबर २०२४ ला ब्रॅम्प्टनच्या हिंदू सभा मंदिराबाहेर भाविकांवर हल्ला झाला, तेव्हा आपण सगळ्यांनी एका आवाजात मागणी केली की निषेधात ‘हिंदू’ हा शब्द हवा, नुसते ‘हिंसा वाईट’ म्हणून भागणार नाही. मागणी रास्त होती आणि मीही ती केली. त्याच्या आदल्याच वर्षी हिंदूद्वेषाला वेगळे नाव देऊन मान्यता द्यावी, असा अर्ज कॅनडाच्या संसदेत गेला. तोही योग्यच. पण तो घेऊन फिरणाऱ्यांत असे लोक मला दिसले, ज्यांनी २०१७ मध्ये एका धर्माचे नाव घेणे म्हणजे लांगूलचालन, असे मला तासन् तास समजावले होते. त्यांना माझे एवढेच विचारणे आहे: क्यूबेकच्या त्या सहा घरांना तुम्ही काय सांगणार आहात?