बाफल्यांना पेट्रोलचा वास

श्रावणात पाताळपाणी नाहीतर चोरलची सहल ठरली की इंदूरच्या राजवाड्याभोवतालच्या आमच्या मराठी घरांतून सामान तेच निघतं: बाफल्यांच्या गोळ्यांसाठी कणीक, तूरडाळ, तूप आणि कंड्यांचं, म्हणजे गोवऱ्यांचं, पोतं. पेटवायला काय न्यायचं, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मग पावसाळी हवेत सादळलेल्या कंड्यांखाली वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या कोंबायच्या, तरी धग धरली नाही तर मोटारसायकलच्या टाकीतून पेट्रोल काढायचं. आमच्या भाच्यांची ही ठरलेली रीत. 2017 पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणारं शहर वेशीबाहेर पडलं की प्लॅस्टिकच्या धुरावर बाफले भाजतं! पेट्रोलचा भडका तर कंड्याच्या आत शिरतच नाही. वरच्या वर जळतो आणि जाताना भुवया नेतो. राजवाड्याला 1984 च्या दंगलीत आग लागली, तेव्हापासून आई पेट्रोलचं नाव काढलं तरी उठून जायची.

माझ्या पिशवीत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, त्यात नीलगिरीची साल. हे झाड लांबलचक पट्ट्यांनी आपणहून साल टाकतं. वैशाखात ती खाली कडकडीत वाळून पडते. तळव्यांत चोळली की तंतू सुटून चिमणीच्या घरट्यासारखा भुसभुशीत गोळा होतो. त्यावर सुपारीएवढे कंड्याचे तुकडे, मध्ये हवेला वाट, आणि काडी वाऱ्याच्या बाजूने. विंध्याच्या कोरड्या उतारांवरच्या सालईचे गळलेले कागदी पापुद्रेही असेच चटकन पेट घेतात.

गळलेले, हे महत्त्वाचं. उभ्या झाडावर कोयता चालवणारे महाभाग मी पाहिलेत. वरची साल मेलेली असते, पण तिच्या आतल्या थरातून पानांनी केलेलं अन्न मुळांकडे जातं. तो चहूबाजूंनी सोलला की झाड उभं वाळतं. आणि ओली साल पेटत नाहीच, म्हणजे झाडही गेलं अन् बाफलेही कच्चे. राळामंडळ अभयारण्यात तर पडलेल्या काडीलाही हात लावू नये.

माझं म्हणणं एवढंच, की वसाहतींतल्या नीलगिरींची ही गळलेली साल झाडलोटीच्या गाडीत जाते, ती महापालिकेने वेगळी काढून वाळवावी आणि कंडेवाल्यांनी पोत्याबरोबर तिची जुडी विकावी. राजवाड्यासमोरच्या सरकारी होळीच्या दिवसांत, ऊन कडक असताना, सुरुवात करता येईल. दहा रुपयांची जुडी लोक नक्की घेतील. बाफल्यांवर वाटीवाटीने तूप ओतणारा इंदूरकर दहा रुपयांवर अडायचा नाही.