नऊ चुका

थेरपीच्या क्लासमध्ये आमची तिघा-तिघांची प्रॅक्टिस असते. एक थेरपिस्ट, एक क्लायंट आणि तिसरा नुसता बघणारा. परवा बघणारी मी होते. मैत्रीण अंग सैल सोडायला शिकवत होती. मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळा, मग सोडा. मी वहीत नऊ चुका टिपल्या आणि नऊच्या नऊ ऐकवल्या. वर, ‘तू ना, घाईचीच आहेस!’ ठाण्याहून अंबरनाथपर्यंत बाईसाहेब लोकलमध्ये चकार शब्द बोलल्या नाहीत. तुमच्या अप्रेझलनंतर होतं ना, सेम तसंच.

घरी वही उघडली आणि ओशाळले. आम्ही शिकतोय ती विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडली. आपल्या मुंबईच्या कि. मो. फडके यांनी १९६८ पासून थेट एलिसना पत्रं लिहून ती समजून घेतली. (आम्हाला मेलचं उत्तर तासाभरात हवं असतं!) तिच्यातलं एक मुख्य सूत्र म्हणजे कृतीला मार्क द्या, माणसाला नको. परीक्षेत मी हे छान लिहिलं होतं.

रविवारी पूर्वेच्या शिवमंदिरापाशी भेटलो. सॉरी म्हटलं. मग एकच गोष्ट सांगितली, ‘मूठ सोडायला लावलीस की पुढचं बोलण्याआधी मनात दहा अंक मोज.’ तिने तिथेच माझ्यावर करून बघितलं. खांदे खरंच उतरले.

‘आता तुझा फीडबॅक,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी बोलताना तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. वहीतच बघत होतीस.’