निघायच्या दिवशी

मुलांनो, सुट्टीत मामाच्या गावाला जाता ना, मग निघायच्या दिवशी काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. येताना आरामात बंद झालेली पिशवी जाताना काही केल्या बंद होत नाही. एक मोजा सापडत नाही. आणि ज्याच्याशी महिनाभर कचाकचा भांडलो, तो मामेभाऊ अचानक फारच चांगला वाटायला लागतो!

या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझंही अगदी असंच झालं. फक्त माझं गाव जरा लांब होतं. मॉरिशस! माझी ताई आणि भावोजी तिथं वाक्वा गावात राहतात. ताईला बाळ व्हायचं होतं आणि आईचे गुडघे काही विमानात बसायला तयार नव्हते. म्हणून मी गेले. सहा आठवडे राहिले. भाच्याची लंगोटी बदलण्यात इतकी पटाईत झाले, की विचारू नका.

मॉरिशस म्हणजे हिंदी महासागरातलं एक बेट. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढं. आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजतात, तेव्हा तिथं नऊ. तो देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे जूनमध्ये तिथं थंडी! दुपारचं ऊन घरात येतं ते उत्तरेच्या खिडकीतून. दिशा ओळखताना मी पहिले आठ दिवस रोज चुकत होते. भूगोल शिकवते हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही.

तर शेवटचा दिवस. रात्रीचं विमान. बॅगेला तेवीस किलोची मर्यादा. ताईकडे माणसांचं वजन करायचा काटा होता, पण बॅग ठेवली की आकडाच दिसेना. मग मी बॅग उचलून काट्यावर उभी राहिले आणि आलेल्या वजनातून माझं वजन वजा केलं. (दोन्ही आकडे गुपित!) मी सामान काढघाल करत होते, तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या आणि म्हणाल्या, "बेटी, तू आमचा घाट बघितला नाहीस. चल."

या आजींचे पूर्वज कोकणातले. पण आता त्यांच्या बोलण्यात क्रिओल जास्त, हिंदी थोडी आणि मराठीचे शब्द अधूनमधून, खिचडीतल्या शेंगदाण्यांसारखे. ताई म्हणाली, "जा तू. बॅग मी भरते." आम्ही मेट्रोने पोर्ट लुई या राजधानीच्या शहरात गेलो.

आप्रवासी घाट म्हणजे बंदराजवळच्या जुन्या दगडी इमारतींचे अवशेष आणि सोळा पायऱ्या. बस्स. पण 2006 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं, ते या पायऱ्यांमुळेच. इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी बंद झाली, तेव्हा उसाच्या मळ्यांवर राबायला माणसं कुठून आणायची, असा मळेवाल्यांपुढे प्रश्न पडला. मग 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. कलकत्ता, मद्रास आणि आपलं मुंबई बंदर. शिडाच्या जहाजातून कित्येक आठवड्यांचा प्रवास! काही दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथं उतरली. करार पाच वर्षांचा असे. काहीजण परत गेले, पण निम्म्याहून जास्त कधीच गेले नाहीत.

आजींनी पायऱ्यांना नमस्कार केला आणि पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला. आलेल्या प्रत्येक मजुराला एक नंबर द्यायचे. त्याचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, सगळं वहीत लिहून घ्यायचे. त्या वह्या आजही मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत आणि वंशजांना त्यातली नक्कल मिळते. ही आजींच्या खापरपणजोबांची नोंद होती. वय बावीस. जिल्हा रत्नागिरी. (त्याचं जुनं इंग्रजी स्पेलिंग बघून मला आमच्या तिसरीतल्या वह्या आठवल्या!)

"तू रत्नागिरीची ना?" आजी म्हणाल्या. "मग हे गाव शोध. मी खूप जणांना सांगितलं. सगळे 'शोधतो' म्हणतात आणि जातात."

त्यांनी बोट ठेवलं तिथं गावाचं नाव होतं: वाडी.

नुसतं वाडी!

तुमच्यापैकी जे कोकणातले आहेत, त्यांच्या लक्षात आलं असेल. आमच्याकडे प्रत्येक गावात वाड्या असतात. त्या तरुण माणसाला कारकुनाने विचारलं असेल, "कुठला?" त्यानं सांगितलं असेल, "वाडीतला." घरी सांगतो तसं. कारकुनाने लिहून टाकलं. त्यात आणखी एक गोम. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भागही होता. सिंधुदुर्ग 1981 साली वेगळा झाला. म्हणजे वेंगुर्ल्यापासून मंडणगडापर्यंत कुठलीही वाडी.

खरं सांगू? माझ्या तोंडावर "शोधते हं आजी" आलंच होतं. रात्री विमानात बसले, की कोण विचारायला येणार होतं? आजीही खूश झाल्या असत्या. पण त्यांनी "सगळे जातात" म्हटलं होतं ना, ते घशात अडकलं.

मी म्हटलं, "आजी, हे गाव नाही सापडणार." आणि कारण सांगितलं. हिंदीत, हातवारे करत, कागदाच्या कोपऱ्यावर बोटाने नकाशा काढून.

आजी काही बोलल्या नाहीत. कागद घडी घालून पिशवीत ठेवला. येताना मेट्रोत आम्ही दोघी गप्प. मला वाटलं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं. सहा आठवड्यांची ओळख मी एका सकाळी घालवली.

दुपारी चारला दारावर टकटक. आजी! हातात डब्यात गरम गरम गातो पिमाँ, म्हणजे डाळवड्यांचेच तिकडचे भाऊबंद. डबा माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "तुझ्या गावात वाड्या किती?"

"अकरा."

"मग त्यातली एक माझी."

हे गणित मी कुठल्याही विद्यार्थ्याला चूक दिलं असतं. आजींना नाही दिलं. त्यांनी तोच कागद उलटा करून माझ्यापुढे ठेवला आणि अकराही नावं लिहायला लावली. वरचीवाडी, मधलीवाडी, सुतारवाडी, गुरववाडी... एकेक नाव मी वाचायचं आणि त्यांनी म्हणायचं. 'ळ' आणि 'ण' त्यांना जड जात होते. खालचीवाडी तीनदा म्हटली. भाच्याने पाळण्यातून भोकाड पसरलं तरी आमचा वर्ग चालूच. बॅग शेवटी ताईनेच बंद केली.

पंधरा जूनला शाळा सुरू झाली आणि मी ही गोष्ट वर्गात सांगितली. आता मुलं रोज एका वाडीची पाटी गाठतात, मी तिचा फोटो काढून ताईकडे पाठवते आणि ताई तो शेजारी नेऊन दाखवते. आठ झाल्या. राहिलेल्या तीन वाड्यांना पाटीच नाही. चौथीतला एक पठ्ठ्या म्हणतो, "बाई, रंग आणा, पाटी आम्ही करतो." पाऊस जरा थांबला, की आणते.